तासाला मुलांनी काय करायचं?

फ्लिप्ड क्लासरूम हा शब्द आता शिक्षकांच्या प्रशिक्षणांत सर्रास ऐकू येतो. पाठ मुलांनी घरी व्हिडिओवर बघून यायचा आणि एरवी घरी करायचा तो अभ्यास शाळेत, शिक्षकांसमोर करायचा, अशी त्याची थोडक्यात ओळख करून दिली जाते. ती चुकीची नाही. पण एवढं ऐकलं की सगळी चर्चा मोबाइलकडे वळते. किती मुलांकडे आहे, नेट कोण भरणार, व्हिडिओ कोण बनवणार? एक गट म्हणतो, आपल्या मुलांना हे जमायचं नाही. दुसरा म्हणतो, आता घरोघरी फोन आहे, न जमायला काय झालं? तासाबद्दल दोघंही बोलत नाहीत, आणि या पद्धतीचा सगळा जीव तासात आहे.

मी तालुक्याच्या गावातल्या मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये दहावीला विज्ञान शिकवते. येत्या जूनपासून निदान एक-दोन पाठ या पद्धतीने घ्यायचे ठरवून सध्या तयारीला लागले आहे. वाचन करताना आणि अनुभवी शिक्षकांशी बोलताना माझं एक मत पक्कं होत गेलं. मराठी शाळांनी ही पद्धत जरूर घ्यावी, पण तिची घरची बाजू घरावर टाकू नये. ती शाळेनेच सांभाळावी. घरावर टाकली तर ज्यांच्या घरी अभ्यासाला जागा, वेळ आणि विचारायला माणूस आहे ती मुलं पुढे जातील, बाकीची आहेत तिथेच राहतील.

आधी तासाचं बघू. वेळापत्रकात चाळीस मिनिटं असतात. मुलं जागेवर बसून हजेरी होईपर्यंत पाच गेलीच. मग पाठातला भाग समजावणं, फळ्यावर आकृती, आणि शेवटची दहा-पंधरा मिनिटं ‘लिहून घ्या’. त्या वेळी माना खाली असतात, पेनं चालू असतात, व्हरांड्यातून जाणाऱ्याला शिस्तीचा वर्ग दिसतो. वहीत उतरतं ते मात्र बहुतेक पुस्तकात छापलेलंच असतं. ज्याला डोकं लागतं तो भाग, म्हणजे गणिती उदाहरणं, शास्त्रीय कारणं, स्वाध्याय, ‘करून आणा’ म्हणून घरी जातो. अडतं तिथे मूल एकटं, आणि मदत करणारं माणूस समोर उभं असतं तेव्हा ते नुसतं लिहून घेत असतं. ही वाटणी उलटी करायची, इतकीच मूळ कल्पना आहे.

ती व्हिडिओमुळे सुचलेली नाही. हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवणारे एरिक मझूर यांची व्याख्यानं लोकप्रिय होती, मुलांना गुणही चांगले पडत. १९९०च्या सुमारास त्यांनी वर्गाला न्यूटनच्या नियमांवरचे अगदी साधे, आकडेमोड नसलेले प्रश्न दिले. तेव्हा एका विद्यार्थिनीने त्यांना विचारलं की, उत्तरं तुम्ही शिकवलंय त्याप्रमाणे द्यायची की मला एरवी वाटतं त्याप्रमाणे? कोणत्याही शिक्षकाची झोप उडावी असा हा प्रश्न आहे. पुढच्या वर्षापासून मझूर यांनी क्रम बदलला. वाचन आधी करून यायचं. वर्गात प्रश्न, प्रत्येकाने स्वतःचं उत्तर द्यायचं, मग शेजाऱ्याला पटवायचं, मग पुन्हा उत्तर द्यायचं. यात कॅमेरा कुठेच नव्हता, होतं ते पुस्तक. व्हिडिओ आला २००७च्या आसपास, कोलोरॅडोतल्या वुडलँड पार्क हायस्कूलमध्ये. तिथले रसायनशास्त्राचे शिक्षक जोनाथन बर्गमन आणि आरोन सॅम्स यांनी खेळांच्या सामन्यांसाठी दूर जाणाऱ्या मुलांचा बुडणारा पाठ भरून निघावा म्हणून रेकॉर्डिंग सुरू केलं. हजर असलेली मुलंही ते बघायला लागली, तेव्हा तास कशासाठी वापरायचा हा प्रश्न त्यांच्यापुढे आला.

आपल्या वर्गात हा प्रश्न कसा दिसतो ते सांगते. दहावीच्या ‘उष्णता’ या पाठात अप्रकट उष्मा आहे, म्हणजे तापमान न वाढवता नुसती अवस्था बदलण्यात जाणारी उष्णता. व्याख्या मुलं धडाधड म्हणतात. गेल्या वर्षी पाठ संपल्यावर मी विचारलं, पातेल्यात भात शिजतोय, पाण्याला खळखळून उकळी आली आहे, आता गॅस मोठा केला तर भात लवकर शिजेल का? वर्गातले बहुतेक हात ‘हो’च्या बाजूने वर गेले. जास्त उष्णता दिली म्हणजे जास्त तापणार, हे त्यांचं साधं गणित. मधल्या बाकावरची एक मुलगी मात्र म्हणाली, “नाही बाई, पाणी आटतं नुसतं. मग भात खाली लागतो.” ती रोज घरचा स्वयंपाक करते. तिच्यापुढे बसलेल्या, नेहमी पहिल्या पाचांत असलेल्या मुलाला व्याख्या तोंडपाठ होती. तो तिला ऐकवत होता की अवस्थांतर होताना दिलेली उष्णता तापमान वाढवत नाही, आणि तरी त्याचा हात ‘हो’ला वर होता. दोघांना एकमेकांशी बोलू दिलं. थोड्या वेळाने तो म्हणाला, “म्हणजे पाणी शंभरच्या वर जातच नाही? मग जास्तीचा गॅस वाफ करण्यात जातो?” तिने विचारलं, मग कुकरमध्ये का लवकर होतं? इतक्यात घंटा झाली.

तिच्याकडे अनुभव होता, त्याच्याकडे शब्द होते. दोन्ही एकत्र यायला काही मिनिटांचं बोलणं पुरलं. कुकरमध्ये दाब वाढल्याने पाणी शंभराहून जास्त तापमानाला उकळतं इथपर्यंत दोघं आपणहून पोचली असती. तेवढ्यासाठी लागणारी पाऊण घटका त्यांना मिळावी, म्हणून मला व्याख्या सांगण्याचा वेळ तासातून बाहेर काढायचा आहे.

याला संशोधनाचाही आधार आहे. विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या महाविद्यालयीन वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र तपासून २०१४ मध्ये एक विश्लेषण प्रसिद्ध झालं. मुलांना वर्गात काही ना काही सोडवायला, चर्चा करायला लावणाऱ्या वर्गांत नापास होण्याचं प्रमाण साधारण २२ टक्के होतं, नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत ३४ टक्के. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठातल्या जीवशास्त्राच्या शिक्षकांनी आणखी नेमका प्रश्न विचारला. दोन्ही वर्गांत मुलं सक्रिय असतील, फक्त एकात नवा भाग घरी आणि दुसऱ्यात शाळेत शिकवला असेल, तर फरक पडतो का? पडला नाही. फायदा होता तो मुलांनी स्वतः डोकं चालवण्याचा. पाठ घरी बघितला की शाळेत, याने काही बिघडलं नाही. मोबाइलपाशी अडलेल्या आपल्या चर्चेला यातून मोकळी वाट मिळते. नवा भाग पोचवायची जागा सोयीप्रमाणे ठरवता येते, तासातलं काम मात्र टाळता येत नाही.

शहरांत आणि आता तालुक्यांतही एक गोष्ट आपल्या डोळ्यांदेखत घडते आहे. नवा पाठ उघडला की पुढच्या रांगांतून आवाज येतो, “बाई, क्लासला झालंय हे.” ज्यांचे आईवडील खासगी क्लासची फी भरतात त्यांच्यासाठी पहिलं शिकवणं शाळेबाहेर होऊन गेलेलं असतं. शाळेतला तास ही त्यांना उजळणी, आणि क्लास नसलेल्या मुलाला पहिली आणि एकुलती एक भेट. त्या एका भेटीत त्याला ऐकायचंही आहे, समजून घ्यायचंही आहे, वहीही पुरी करायची आहे. म्हणजे पाठ आधी भेटण्याची सवलत काही मुलांना आजही मिळतेच आहे, पैसे मोजून. ती सगळ्यांना मिळावी यासाठी शाळेने काही करायचं की नाही, हा माझ्या दृष्टीने खरा सार्वजनिक प्रश्न आहे.

म्हणूनच ‘घरी बघून या’ या तीन शब्दांची मला धास्ती वाटते. एप्रिल २०२० मध्ये ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ही अभ्यासमाला राज्यात सुरू झाली, व्हॉट्सॲप गटांवर रोज लिंका जात होत्या. त्या काळात दुसरा इलाज नव्हता आणि शिक्षकांनी जीव तोडून काम केलं. पण घरात एकच फोन, तो वडिलांबरोबर कामावर, संध्याकाळी आला तर आधी भावाकडे, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं. आज फोन वाढले आहेत. ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या देशव्यापी सर्वेक्षणाच्या २०२४च्या अहवालात ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वयाच्या सुमारे ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आढळला. पण त्याच अहवालात, फोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी आधीच्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरणारी ५७ टक्के आणि समाजमाध्यमांसाठी वापरणारी ७६ टक्के निघाली. त्याच्या आदल्या वर्षी, असर २०२३ मध्ये, १४ ते १८ वयाच्या फोन वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे ४३.७ टक्के होते आणि मुली १९.८ टक्के. भाताच्या प्रश्नाचं उत्तर जिला माहीत होतं, ती मुलगी यातल्या कोणत्या बाजूला असेल ते सांगायला नको. तिला संध्याकाळी पाणी भरायचं असतं, भाकरी टाकायच्या असतात. फोन हाती दिला तरी मोकळा अर्धा तास आणायचा कुठून?

अंतर वाढण्याची ही भीती नुसती भावनेपोटी नाही. अमेरिकेच्या वेस्ट पॉइंट इथल्या लष्करी अकादमीत चिठ्ठ्या टाकून वर्ग वाटून या पद्धतीची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. गणितात थोडा, तोही तेवढ्यापुरता फायदा दिसला, अर्थशास्त्रात दिसला नाही. आणि आधीपासून पुढे असलेल्या विद्यार्थ्यांना लाभ जास्त झाल्यामुळे मागच्या-पुढच्यांतलं अंतर रुंदावलं. तिथे सगळे एकाच आवारात राहतात, शिस्त कडक, साधनं सारखी. तिथे असं झालं तर ऊसतोडीला दिवाळीनंतर आईबापांबरोबर गाव सोडणाऱ्या मुलाचं काय होईल?

दुसरी चिंता मला आपल्याच शिक्षण खात्याच्या उत्साहाची वाटते. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमधल्या (बीट म्हणजे आसपासच्या शाळांचा गट) शाळांनी ज्ञानरचनावादी पद्धतीने, म्हणजे मुलाला स्वतःच्या अनुभवातून शिकू देत, मनापासून काम केलं, दुरून दुरून शिक्षक ते बघायला गेले. २२ जून २०१५च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ सुरू झाल्यावर ते लोण राज्यभर गेलं. अनेक ठिकाणी वर्गाच्या फरशीवर अक्षरं, अंक आणि गोल रंगवून झाले आणि काम तिथेच थांबलं. रंगवलेली फरशी फोटोत दिसते, मुलाच्या डोक्यात चाललेली खटपट दिसत नाही. फ्लिप्ड क्लासरूमचं परिपत्रक निघालं तर अमुक तारखेपर्यंत इतके व्हिडिओ लिंकवर भरा असं त्यात असेल, आणि आम्ही ते भरू. त्यापेक्षा ज्या शिक्षकाला करून बघायचं आहे त्याला एक पाठ करून बघू द्यावा, एवढंच सध्या पुरे.

मुलांचा आणि पालकांचा विरोध होणार, तो मी धरूनच चालले आहे. “बाई शिकवतच नाहीत, आम्हालाच करायला लावतात,” ही तक्रार येणारच, आणि तिच्यामागे आळस आहे असं मला वाटत नाही. हार्वर्डमध्ये २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात भौतिकशास्त्राचे विद्यार्थी दोन प्रकारच्या तासांना बसवले. सफाईदार व्याख्यान ऐकलेल्यांना आपल्याला जास्त समजलं असं वाटलं, पण चाचणीत जास्त गुण पडले ते स्वतः सोडवत, अडखळत बसलेल्यांना. छान ऐकलं की समजल्यासारखं वाटतं. हे पालकसभेत आधीच सांगायला हवं. पहिल्या घटक चाचणीनंतर सांगितलं तर ती सबब ठरते.

माझी तयारी सध्या प्रश्नांची चालली आहे, आणि तिला सगळ्यात जास्त वेळ लागतो. प्रश्न सगळ्यांना आला तर बोलायला काही उरत नाही, कुणालाच आला नाही तर बोलणं सुरूच होत नाही. तीस ते सत्तर टक्के मुलांचं उत्तर बरोबर येईल असा प्रश्न चर्चेला सगळ्यात चांगला, असा मझूर यांचा अनुभव आहे. चुकीचा पर्यायही पटण्यासारखा हवा. फ्रीजमधून काढलेल्या बाटलीवर बाहेरून येणारं पाणी आतून झिरपतं का? उन्हाळ्यात थंडगार पाणी देणारा माठ जुलैमध्ये तितकं गार पाणी का देत नाही? दवबिंदू आणि आर्द्रतेचा भाग या दोन प्रश्नांवर उभा राहील असं वाटतं. प्रत्येक पाठाला एक पानाचा कागद करते आहे. त्यावर पुस्तकातल्या कोणत्या दोन पानांचं वाचन, त्यातली कोणती आकृती स्वतः काढून बघायची, आणि शेवटी एक ओळ मोकळी: ‘वाचताना मी इथे अडलो, इथे अडले.’ ती ओळ भरलेली वही हे तासाला यायचं तिकीट. ज्याची भरलेली नसेल त्याला शिक्षा नाही, त्याने मागच्या बाकावर बसून पहिली दहा मिनिटं वाचायचं आणि मग गटात यायचं. व्हिडिओही करणार आहे, पण दोन-तीनच, जिथे हालचाल दिसल्याशिवाय कळत नाही तिथे. ते सहा मिनिटांच्या आतले ठेवणार, कारण ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या लाखो नोंदींवरून असं दिसलं आहे की व्हिडिओ कितीही लांब असला तरी साधारण सहा मिनिटांपलीकडे बघणाऱ्याचं लक्ष टिकत नाही.

साठ मुलांचे गट चाळीस मिनिटांत लावायचे, बोलू द्यायचं आणि शेवटी सगळं एका जागी आणायचं हे अवघड आहे. आठवड्यातून एक जोड तास मिळाला तर जमेल. प्रयोगासाठी जोड तास देतात तसा विचारासाठी द्यायला वेळापत्रकात काही अडचण नाही, मुख्याध्यापकांनी मनावर घेतलं की झालं. अभ्यासक्रम मागे पडेल ही शंका मला सगळे विचारतात. लिहून देण्याचा वेळ वाचला की तेवढी जागा निघते, हा माझा हिशेब आहे. बोर्डाच्या प्रश्नपत्रिकेत ‘शास्त्रीय कारणे लिहा’ हा प्रश्न आहेच. गाइडमधली छापील कारणं पाठ करून तो सुटतो ही खोट आहे, पण स्वतः विचार करणारं मूल तिथे गुण गमावेल असं मला वाटत नाही.

राहिला वाचनाच्या जागेचा प्रश्न. मुलाच्या सोयीची वेळ शाळेने शोधायची, हे महाराष्ट्राला नवं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम उभं केलं. मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, हे पाहिल्यावर त्यांनी मुलांना दोष दिला नाही, शाळाच कुरणात नेली. आमच्याकडे तेवढं लांब जायची गरज नाही. वाड्यावस्त्यांवरच्या मुलांना एसटीची सकाळची एकच फेरी सोयीची असते. शाळा अकराला भरते आणि ही मुलं साडेनऊलाच गेटपाशी येऊन थांबतात. कुणी झाडाखाली बसतं, कुणी मैदानावर, मुली नळापाशी घोळक्याने उभ्या असतात. ज्यांना घरी वेळ मिळत नाही त्यातली बरीचशी मुलं हीच. त्यांच्या हातात दीड तास मोकळा आहे आणि समोर शाळेची कुलूप लावलेली इमारत. एक वर्गखोली उघडी मिळाली, त्यात पुस्तकं, माझे ते कागद आणि लोकवर्गणीतून आलेला टीव्ही पेनड्राइव्ह लावून चालू असला, तर घरच्या अभ्यासाची अट शाळेच्या आवारातच पुरी होते. नेट लागत नाही, फोन लागत नाही.

अडचण कुलपाची आहे. अनुदानित शाळांतली शिपायांची नियमित पदं बंद करून त्याऐवजी शिपाई भत्ता द्यायचा, असा निर्णय शासनाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. जुने शिपाई निवृत्त होत आहेत आणि साडेनऊला येऊन खोली उघडणारं, झाडणारं, मुलांवर नजर ठेवणारं माणूस शाळेजवळ उरत नाही. काही दिवस मी स्वतः लवकर जाईन, सहकाऱ्यांपैकी दोघांनी आळीपाळीने यायचं कबूल केलं आहे. पण निवडणुकीची कामं आली, प्रशिक्षण लागलं की ते मोडणार, हे आम्हाला माहीत आहे. शाळा व्यवस्थापनाच्या पुढच्या बैठकीत माझी मागणी टॅबची किंवा स्मार्ट बोर्डाची नसेल. सकाळी साडेनऊ ते अकरा या वेळेसाठी एका माणसाचं मानधन आणि आठवड्याला एक जोड तास, एवढाच अर्ज मी लिहून ठेवला आहे.